आबांचा गूळ

फाउंड्रीतल्या धुळीवरचे लेख वाचता वाचता भरदुपारी डोळा लागतोय. संध्याकाळपर्यंत सुकुमारनं, माझ्या भावानं, मालकाला हो किंवा नाही कळवायचंय. ज्या मोल्डिंग खात्यात काळ्या वाळूचे साचे करता करता धुळीनं आबांची छाती भरली, तिथंच त्याला बोलावलंय. काहीतरी छापलेलं त्याच्या नाकासमोर धरावं म्हणून माझी ही मरमर. नुसतं बहिणीचं ऐकेल तर शपथ!

"किती वाचशील गं? डोळे फुटतील."

समोर आबा. गेल्या वर्षी गेलेले माझे वडील, अंगभर काळी वाळू. टेबल आमचंच आहे, पण पायाखाली चटके बसतात. आम्ही भट्टीपाशी बसलोय.

"सुटी झाली की मी गूळ खायचो. त्याचं काय लिवलंय?"

"गुळाबरोबर धूळ उतरते असं तुम्हा सगळ्यांना वाटायचं. गूळ पोटात जातो, आबा. धूळ छातीत."

"म्हंजे फुकटच खाल्ला म्हण की!"

ते खो खो हसतात. हसता हसता खोकतात, आणि खोकताना दवाखान्यातल्या खाटेवर आडवे झालेले असतात. मला रडू येतं. रागही येतो.

"सुकुमारला तुम्हीच नको म्हणा. तुमचं ऐकतो तो."

"का म्हणू? तुझ्या शिक्षणाला माझी छाती चालली. त्याच्या पोरांना त्याची चालंल."

"बापानं असं बोलावं? लाज वाटत नाही?"

"मेलेल्याला कसली आलीय लाज?" उशीखालून गुळाचा खडा काढून ते चाटायला लागतात. "त्याला कवाच सांगून आलोय. काल, त्याच्या स्वप्नात. जा म्हणालो बिनघोर, खिशात गूळ ठेव फक्त."

"अहो, पण गुळानं काही होत नाही!"

"ते तुला ठावं. त्याला कुठं ठावं?"

त्यांचं तोंड दाबायला मी झेपावते आणि टेबलावर कपाळ आपटून जागी होते.

"सुकुमार!"

"तो गेला की मघाशीच," आई आतून म्हणते. "आजच्या पाळीलाच ये म्हणाले त्याला. तुला झोप लागली होती, उठवलं नाही त्यानं."

आबांचे कामाचे बूट आईनं फडक्यात बांधून माळ्यावर ठेवले होते, कुणाला हात लावू द्यायची नाही. आता नुसतं फडकं लोंबतंय. माझ्या खुर्चीच्या मागून थेट दारापर्यंत बुटांतली काळी वाळू सांडलीय.