मुद्देमालाखाली लागलेलं लग्न

नोकरीतले कितीतरी गुन्हे विसरलो, पण एका चोरीचा तपास आठवला की आजही हसू येतं.

नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यात फौजदार होतो. एका हिवाळ्यात बावड्याजवळच्या माळावर पुण्याच्या काही हौशी मंडळींनी संगीत महोत्सव भरवला. शहरातली मुलं तंबू घेऊन मुक्कामाला आली. गाणी झाली, गर्दी पांगली, आमचा बंदोबस्त सुटला. चार दिवसांनी तीन मुलं आणि एक मुलगी पुण्याहून परत येऊन ठाण्यात हजर.

"साहेब, आमचे तंबू चोरीला गेले."

तंबू त्यांच्या कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळाचे होते. सरांना काय तोंड दाखवायचं, या काळजीनं चौघंही रडकुंडीला आली होती. ठाणे अंमलदारानं गुन्हा नोंदवला.

पंचनाम्याला गेलो तर अर्ध्या माळावर कचऱ्याचा खच. पत्रावळ्या, बाटल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिखलानं माखलेल्या सतरंज्या. उरलेला अर्धा माळ मात्र झाडून काढलेला. चोर काही झाडून जात नाही. मला ते खटकलं.

मग आमच्या खबऱ्यानं बातमी आणली. "सायेब, माळामागच्या वस्तीवर लगीन हाय. मांडव बघा जाऊन. निळा, पिवळा, भगवा. असलं कापड आपल्या बाजारात मिळत न्हाय."

हवालदार आणि दोन पंच घेतले, ओळख पटवायला त्या चौघांनाही जीपमध्ये बसवलं. घर एकेकाळच्या मेंढपाळांचं. आता शेती करत होते, थोडी मेंढरं राखून होते. नवरीची आई हळदीच्या हातानंच पुढं आली.

"मावशी, हे तंबू कुठून आणले?"

"माळावरनं. का?"

"चोरीचा माल आहे हा."

ढोल थांबला. नवरीच्या बापानं फेटा काढून हातात घेतला. वराकडची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. माझ्या एका वाक्यानं लग्न मोडायची वेळ आली होती. पण मावशी डगमगली नाही.

"चोरीचा? तितं समदी घाण टाकून गेली लोकं. आमची गाभण मेंढी पिशवी खाऊन मेली. म्हनून आमी बायकांनी माळ झाडाय घेतला. ही कापडं त्याच उकिरड्यात चिखलात पडली हुती. धुतली, शिवली, मांडव घातला. चोर कोन म्हनतंय आमाला?"

मी त्या चौघांना एकेक करून जीपमागे नेलं आणि एवढंच विचारलं, "निघताना तंबू कसे होते?" पहिला म्हणाला, घडी करून ठेवले होते. दुसरा म्हणाला, उभेच होते. तिसरा म्हणाला, अंधारात दिसलं नाही. मुलीनं मान खाली घातली.

"सर, आडवे पडले होते. दवानं ओले, चिखलानं जड. बस सुटत होती. घडी कोण करणार, म्हणून सोडून आलो. मग सरांची भीती वाटली."

"हे मला नको, त्यांना सांग."

ती गेली, हात जोडून सगळ्यांसमोर बोलली. मावशीनं तिला खालीवर न्याहाळलं.

"आगं, मग आदीच तोंडानं सांगायचं व्हतं की. जेवलीस का?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "न्या तुमचं तंबू. पन अक्षदा पडंस्तवर दोरीला हात लावायचा न्हाय."

हात लावावाच लागला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माळावरचा वारा उठला. मांडव पतंगासारखा वर ओढ घेऊ लागला. एक दोरी मी धरली, दुसरी हवालदारानं. मुद्देमाल पूर्णपणे माझ्या ताब्यात होता आणि त्याखाली लग्न लागत होतं.

"साहेब, हे पंचनाम्यात कसं लिहायचं?" हवालदारानं दोरी ओढत विचारलं.

"लिहा, वाऱ्याचा जोर होता."

नवरीच्या बापानं पुन्हा फेटा चढवला. ढोल असा घुमला की ती चौघंही मेंढपाळांचा गजी नाच नाचायला रिंगणात शिरली. पावलं चुकत होती, बायका हसून बेजार होत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या चौघांनी उरलेला माळ साफ केला. सरांना फोन मी केला नाही, त्यांनाच करायला लावला. चोरी झालीच नव्हती, असा अहवाल न्यायालयात पाठवून प्रकरण मिटवलं.

दुसऱ्याची वस्तू उचलणाऱ्याला पकडायचं, हे मला खात्यानं शिकवलं. ती टाकली कुणी, हे आधी विचारायचं, हे त्या मावशीनं शिकवलं. पुढं बारामतीला असताना जत्रेची किंवा जलशाची परवानगी मागायला कुणी आलं, की मी बंदोबस्ताआधी एकच विचारायचो, "गर्दी गेल्यावर झाडणार कोण?"