ही चौकट बनणारच नाही

माझी मुलगी चौथीत असताना ‘खाना’ला ‘रवाना’ वाचायची, ‘घर’ला ‘धर’ म्हणायची. शाळेने सुचवलं म्हणून मी आणि नवरा तिला नारायण पेठेतल्या एका तज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेलो. वाघोलीहून तिथे पोचेपर्यंत आमचं भांडून झालं होतं. त्याच्या मते पोरगी आळशी, माझ्या मते शाळा कडक.

तपासणी संपल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “डिस्लेक्सिया आहे. डोळे उत्तम, बुद्धीही उत्तम. अक्षराची आणि आवाजाची जोडी लावायला तिला जास्त वेळ लागतो.”

मग मुलीचा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी तिच्यापुढे काही चित्रं ठेवली. लाकडी चौकटी, जिने, ठोकळे. “यातलं खरंखुरं काय बनवता येईल, आणि काय फक्त कागदावरच शक्य आहे?”

नवरा चष्मा वरखाली करत बघत राहिला. माझ्या तोंडून निघूनच गेलं, “ही चौकट बनणारच नाही. मागची दांडी पुढे आलीय. आणि हा जिना चढतच राहील.”

“आई, माझी परीक्षा आहे ना!” मुलगी ओरडली.

बाई हसल्या. “ताई, तुम्हाला शाळेत वाचायला कसं जायचं?”

कसं जायचं? इतिहासाच्या तासाला माझा नंबर आला की मला हमखास खोकला यायचा. धडे मी भावाकडून ऐकून पाठ करायचे. घरात मी ‘वेंधळी’ म्हणूनच वाढले. आज मी लोकांची स्वयंपाकघरं बांधून देते. गिऱ्हाईक बोलत असतानाच ओटा, कपाटं, उघडे ड्रॉवर मला समोर दिसतात. करारनामा मात्र नवऱ्याला वाचायला लावते.

हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, “तुमचीही तपासणी करू. पण डिस्लेक्सिया असलेल्या सगळ्यांनाच चित्रांचं असं जमतं असं नाही हं. संशोधकांचंही त्यावर एकमत नाही.”

पुढे माझंही निदान तेच निघालं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण हायसंच वाटलं.

“म्हणजे घरात बिघडलेला मी एकटाच,” नवरा म्हणाला. पोरीला आळशी म्हणणं मात्र त्याने त्या दिवसापासून बंद केलं.

आता ती सातवीत आहे. परीक्षेत तिला जादा वेळ मिळतो. संध्याकाळी आम्ही दोघी गॅलरीत बसून मोठ्याने वाचतो, आलटूनपालटून, एकेक परिच्छेद. परवा मी ‘भात’चा ‘मात’ केला, तेव्हा ती इतकी हसली की शेजारच्या काकूंनी डोकावून विचारलं, “अहो, कसलं पुस्तक आहे? आम्हालाही द्या!”