काचेआडचा तांडेल

तांडेल एकटा जेवायचा नाही. कितीही भूक लागो, समोर दुसरं माणूस बसलेलं नसेल तर त्याचा हात ताटाकडे जायचाच नाही. असला माणूस वजन उतरवायच्या अभ्यासात भरती झाला, तिथंच खरं तर चुकलं. पण म्हणून तर तो मला भेटला.

अभ्यास म्हणजे शाळेतला नव्हे. तलासरीकडे हायवेला लागून एक इस्पितळ आहे. त्याच्या मागच्या इमारतीत डॉक्टर लोकांनी आम्हा जाड्या माणसांना राहायला ठेवलं होतं. कसलं जेवण दिलं तर वजन किती उतरतं, हे त्यांना बघायचं होतं. आम्ही आपखुशीने गेलेलो, पण एकदा आत गेलं की बाहेर पडायचं नाही, बाहेरचं खायचं नाही. सकाळी पोट साफ झालं की काट्यावर उभं राहायचं. ताट मोजून येणार, उरलंसुरलं मोजून परत जाणार.

आमच्या खोलीत चार खाटा. मी रानशेतचा, जन्मभर चिकूचा टेम्पो चालवला. बायको गेल्यावर घरात बसून पुड्यांतलं काहीबाही खात सुटलो आणि फुगलो. पोरीने माझं नाव दिलं. तांडेल धाकटी डहाणूचा. बोटीचं सुकाणू त्याच्या हातात, म्हणून गाव त्याला तांडेल म्हणे आणि आम्हीही. गुडघे पार गेलेले. गुडघ्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, आधी वजन उतरव, मग ऑपरेशन. घरी ते उतरत नव्हतं. गुडघा नाही तर बोट नाही, आणि बोट नाही तर हा माणूस करणार काय, ते त्यालाही माहीत नव्हतं.

पहिल्याच दुपारी त्याने घोळ घातला. चौघांची ताटं आली, प्रत्येकावर नावाची पट्टी. आम्ही हात धुऊन येतो तर याने चारही ताटांतला भात, डाळ, भाजी एकाच ताटात ओतून मधल्या टेबलावर ढीग केलेला.

"या रे, बसा. गरम आहे."

बोटीवर तसंच असतं. एक टोप, एक परात, आणि सगळे खलाशी भोवती. आहार बघणाऱ्या मॅडम धावत आल्या. माझ्या पोरीएवढी मुलगी, रडायचीच बाकी होती.

"काका, अहो हे प्रत्येकाचं वेगळं मोजलं होतं!"

"एकाच टोपात शिजलं ना, बाय?"

"शिजलं एकात, पण कोणी किती खायचं ते ठरलेलं असतं."

"ते मी ठरवतो ना. हा डायवर सुतकी तोंडाचा, याला थोडं जास्त."

चौघांचा दिवस वाया गेला. पुन्हा असं केलंत तर नाव काढावं लागेल, असं मॅडमने बजावलं. सुतकी तोंडाचं मात्र मला लागलं नाही. खरंच होतं ते.

त्यानंतर त्याने वाटणी सोडली, पण थांबणं सोडलं नाही. तिघांनी पहिला घास घेतल्याशिवाय त्याचा घास उचलला जायचा नाही. मी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलून मोकळा व्हायचो. दोनतीन दिवस त्याने पाहिलं.

"गिळतोस काय, डायवर? पाठी पोलीस लागलेत?"

"चव लागत नाही."

"बायको होती तेव्हा पण असाच जेवायचास?"

"तेव्हा ती बोलायची, मी जेवायचो."

"मग आता मी बोलतो."

आणि लागला बोलायला. काय बोलावं? दुधी खाणाऱ्या उपाशी माणसांना बोंबील कसे तळायचे, ते तांदळाच्या पिठापासून सांगत बसला. झाईचा एक गुजराती बागवाला आमच्यात होता, त्याने उशी फेकून मारली. "बंद कर ने तारी खानावळ!" तांडेल हसला आणि कालवणावर गेला. भुकेने कोणी कुरकुरलं की म्हणायचा, "ओहोटी आहे रे. नांगर टाकून पडून राहा. पाणी आपोआप फिरतं." संध्याकाळी आम्हाला धावत्या पट्ट्यावर चालवायचे. तिथे घाम पुसत तो विचारायचा, "एवढं चाललो, डहाणू आलं का?" त्या इमारतीत दिवस नुसते लांबत जायचे. त्याच्या अशा बोलण्याने ते थोडे आखूड व्हायचे, इतकंच.

खरी अडचण काचेच्या खोलीची. माणसाला एक अख्खा दिवस त्या बंद खोलीत एकट्याला ठेवून त्याच्या श्वासाची हवा मोजतात. ताट भिंतीतल्या झडपेतून आत येतं. ते संपवलं नाही तर मोजणी फुकट. सुरुवातीला त्याला आत ठेवलं तेव्हा दिवसभराची तिन्ही ताटं जशीच्या तशी परत आली. विचारलं तर म्हणाला, भूक नव्हती. भूक नव्हती म्हणे! शेवटच्या आठवड्यात पुन्हा त्याची पाळी आली. वजन चांगलं उतरत आलेलं. मॅडम म्हणाल्या, "काका, या खेपेला ताट परत आलं तर माझ्या हातात काही नाही. नाव जाईल."

तो खाटेवर बसून राहिला. "वादळात जेवलोय मी, डायवर. खोलीला भीत नाय. पण समोर कोण नसलं की घास तोंडात नुसता फिरत राहतो."

मी उठून मॅडमकडे गेलो. "मला माझं ताट घेऊन काचेसमोर बसू द्या."

"असं कधी केलेलं नाही, काका."

"मग आता करा. त्याचं मोजून द्या, माझं मोजून द्या. मध्ये काच आहे, भात उडी मारून जाणार नाही."

मॅडम वरच्या डॉक्टरला विचारून आल्या आणि स्वतःच स्टूल आणून ठेवलं.

आत तो, बाहेर मी. मी घास उचलला, मग त्याने उचलला. काचेतून आवाज येत नव्हता, पण त्याचे ओठ हलत होते. माशाचंच काहीतरी सांगत असणार. मला घाई करून चालणार नव्हतं. माझं ताट आधी संपलं असतं तर तो एकटा पडला असता. म्हणून चावून चावून खाल्लं. वांग्यात मीठ कमी होतं. बायको गेल्यापासून मीठ कमी की जास्त ते मला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं. तिन्ही वेळेला तसाच बसलो, आणि त्याची तिन्ही ताटं रिकामी परत गेली.

वजन उतरलं, गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. घरी पडून होता तोवर रोज जेवणाच्या वेळेला त्याचा फोन यायचा. "वाढून घेतलंस?" मग दोन्हीकडे स्पीकर चालू आणि दोघं आपापल्या घरात जेवायचो. डॉक्टरने जाळं ओढायला मनाई केली, सुकाणू धरायला नाही. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली तसा तो बोट घेऊन गेला.

आता मी दुपारी त्याचा नंबर लावतो. बायको गेल्यावर तिचाही नंबर मी बरेच दिवस लावत होतो. तिचा फोन बंद आहे, असं ती यंत्रातली बाई सांगायची. तांडेलचा कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे, असं सांगते. बाहेर आहे म्हणजे पाण्यावर आहे, स्वतःच्या पायांवर उभा आहे आणि परातीभोवती त्याची माणसं बसलीत. एवढं ऐकून मी फोन बाजूला ठेवतो आणि एकटा जेवतो.