अप्पांच्या कॉम्प्युटरला अजून कोणीतरी जोडलेलं आहे

मंडळी, आज दुपारचंच सांगते. अजून मन थाऱ्यावर नाही.

माझे वडील, अप्पा, जाऊन वर्ष होत आलं. माडीवरच्या त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी काढलेली चादरींची डिझाइनं आहेत. तो आता भंगारात द्यायचा ठरलाय. नवा लॅपटॉप त्याला ओळखच देईना, म्हणून माझा कॉलेजातला जुना काढला, जिन्यावरून केबल खाली सोडली आणि हॉलमध्ये बसले. नेटवर्कच्या यादीत लगेच नाव उमटलं, 'अप्पा'.

तासाभरात सगळ्या फायली खाली आल्या. मग कॉम्प्युटर बंद करायला वर गेले.

खरं तर अप्पा 'बंद' म्हणायचेच नाहीत, अशुभ वाटायचं त्यांना. नवी पेठेतलं आमचं चादरींचं दुकान जसं रोज 'वाढवायचे', तसा कॉम्प्युटरही 'वाढवायचे'.

मी क्लिक केलं, तर पडद्यावर सूचना आली. या कॉम्प्युटरला अजून एक जण जोडलेला आहे, बंद केलात तर त्याचा संपर्क तुटेल.

घरात आई आणि मी, दोघीच. अंगावर सर्रकन काटा आला.

मग लक्षात आलं. खाली लॅपटॉपवर अप्पांचा फोल्डर उघडाच राहिला होता. जोडलेली होते ती मीच.

खालून आईनं विचारलं, "वाढवलास काय गं?"

"न्हाय की," म्हटलं आणि 'नको' दाबलं.

वर तो अजून घरघरतोय. भंगारवाला उद्या येणार. तुम्ही असतात तर काय दाबलं असतं?