मर्व्ह नावाचं जनुक

गुरुवार, १२ जून २०१४. पहाटे दंव. संत्र्याचा मुरंबा संपला. लॅबमध्ये माश्यांच्या नळ्या बदलल्या. एका नळीवर माझ्या नवऱ्याचं नाव.

रोजनिशीतलं हे शेवटचं वाक्य लिहिताना डॉरीन टूईचं पेन जरा जास्तच दाबलं गेलं.

ॲडिलेडच्या विद्यापीठात ज्या फळमाश्या पाळतात, त्यांची उस्तवार नवरा मर्व्ह वारल्यापासून डॉरीनकडे होती. जुन्या नळीतल्या माश्या नव्या नळीत झटकायच्या. नुकत्या जन्मलेल्या माद्या नरांची नजर पडायच्या आत वेगळ्या काढायच्या. थोडक्यात, कुमारिका राखायच्या. "शाळेत नन्सनी आम्हाला असंच राखलं," ती म्हणायची, "त्या शिक्षणाचा उपयोग आत्ता होतोय."

चहाच्या सुटीत ती मर्व्हचे किस्से सांगे. दिशा कशाशी खातात हे मर्व्हला ठाऊक नव्हतं. लग्नाच्या दिवशी तो भलत्याच चर्चमध्ये जाऊन दुसऱ्याच नवरीची वाट बघत बसला होता. सगळे पोट धरून हसत. पण ते हसणं नळीवर जाऊन चिकटेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"कोस्टा, हे काय आहे?" त्या सकाळी लॅबमध्ये तिने नळी उचलून विचारलं होतं.

"मिसेस टूई, ते... म्हणजे त्याचं असं झालं..." संशोधन करणारा कोस्टा एरवी तिला डॉरीन म्हणे. मिसेस टूई म्हणाला की समजावं, स्वारी फसलीय.

त्याने निमूटपणे एक बशी पुढे केली. आतल्या अळ्या गोल गोल फिरत होत्या. एक मध्येच थांबली, डोकं वर करून इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा त्याच वाटेने निघाली.

"अगदी मर्व्ह," डॉरीनच्या तोंडून निसटलं. "मेला वाट विचारेल तर शपथ!"

तेवढ्यात लॅबची प्रमुख रोवेना आली. "तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, डॉरीन, चुकलंच. नवं जनुक सापडलंय. अळीचा मेंदू घडत असताना हे जनुक मुकादमासारखं उभं राहून बाकीच्या जनुकांना सांगतं, तू आता कामाला लाग, तू गप्प बस. ते बिघडलं की ज्या चेतापेशी ज्या वेळी व्हायच्या त्या होतच नाहीत. नाव उद्या शोधपत्रिकेला कळवायचंय. एकदा छापलं की कायमचं. तुम्ही नको म्हणालात तर आत्ता खोडते."

"आणि मर्व्हच नाव का?"

"आमच्यात रीतच आहे. जनुक बिघडल्यावर जे दिसतं, त्यावरून नाव."

"म्हणजे बिघाडाला माझा नवरा! जगभरच्या लोकांनी त्याला हसायचं, तेही तो मेल्यावर?"

"उलटं आहे हो ते," कोस्टा घाईघाईने म्हणाला. "'पांढरं' नावाचं जनुक आहे ना, त्याच्यामुळे माशीचे डोळे लाल होतात. ते बिघडलं, की पांढरे."

"ही कुठली उरफाटी तऱ्हा? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!" डॉरीनने पुन्हा बशीत पाहिलं. "मग मर्व्ह धडधाकट असला, तर अळी काय करते?"

"सरळ खाण्याकडे जाते."

"आणि मर्व्ह नसला तर?"

"ही अशी. गोल गोल."

डॉरीनने बशी स्वतःकडे ओढली. मर्व्ह गेल्यावर कित्येक दिवस ती स्वयंपाकघरातून अंगणात आणि अंगणातून स्वयंपाकघरात फिरत असायची. कशाला आलो, हे तिला दोन्हीकडे आठवत नसे.

"बरोबर आहे तुमची रीत," ती शेवटी म्हणाली. "छापा. पण आडनाव घालू नका. नणंदेला कळलं तर नाताळच्या जेवणाला बोलवायची नाही."

"जनुकांना आडनाव नसतं, डॉरीन," कोस्टा म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"सुखी आहेत बिचारी."

रोजनिशीवर पेन पुन्हा टेकलं. रोवेनाला होकार दिला. पिवळ्या झाकणाचा, फेरवापराच्या कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला.