राखाडी खोलीतली शेंदरी साडी

आमच्या कारखान्यात टीव्ही स्टुडिओंसाठी मॉनिटर बनतात. त्यांचे रंग तपासायची खोली इतकी राखाडी, की पोपट आत शिरला तर कबूतर होऊन बाहेर पडेल. कपड्यांची झाक पडद्यावर पडते आणि डोळा फसतो, म्हणून तिथं राखाडी ॲप्रनशिवाय कुणी बसत नाही.

काल निवृत्तीच्या दिवशी तिथं रंग तपासणाऱ्या शैलाताई शेंदरी साडी नेसून आल्या आणि हौसेच्या भरात तशाच शेवटच्या मॉनिटरसमोर बसल्या. पडद्यावरचा चेहरा त्यांना फार तांबूस वाटला. त्यांनी लाल रंग उतरवला.

"ताई, साडी!" मी दारातून ओरडलो. "बातम्या देणारी बाई कैरीसारखी दिसेल!"

"अगं बाई! माझा शेवटचा नगच खोटा गेला असता की रे!"

त्यांनी साडीवर ॲप्रन चढवला आणि सगळे रंग पुन्हा पहिल्यापासून लावले. दुसऱ्याचा चेहरा खरा दिसावा म्हणून माणूस आपला रंग किती वर्षं झाकून ठेवू शकतो!

मॉनिटर पास झाला. ताईंनी ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि त्या बाहेर पडल्या. शपथेवर सांगतो, फाटकापर्यंतच्या सगळ्या पांढऱ्या भिंती शेंदरी झाल्या.