बहिणीच्या दारावरून जाणारी वाट

डोंगरावरच्या राखीव जंगलात पाहुण्यांना फिरवून आणायचं काम ताई ऐन उमेदीच्या वयापासून करत होती. तिला सगळे ताईच म्हणायचे. फाटकावरचा तिकीटवाला वयाने तिच्यापेक्षा मोठा, पण तोही ताईच म्हणायचा. जंगलात वाटा बऱ्याच होत्या. तिच्याकडे आली होती ती सोपी वाट. फाटकापासून झाडीतून वर, ओढ्यावरचा लाकडी पूल, मग खिंडीपर्यंत हलका चढ आणि पलीकडे गावात उतार. गावाच्या दुसऱ्या टोकाला पक्का रस्ता होता, तिथून बस मिळायची. म्हातारी माणसं, नुकती दुखण्यातून उठलेली माणसं, पोटं सुटलेली माणसं, सगळी तिच्या वाट्याला यायची. एखादा दिवस चालायला ती वाट खरंच सोपी होती. ताई मात्र रोज चालायची.

हल्ली तिचा गुडघा बोलायला लागला होता. उतारावर तर तो बडबडच करायचा. पण त्याहून जास्त थकली होती तिची जीभ. पुलाजवळ आलं की तीच चार वाक्यं, खिंडीत पोचलं की तोच विनोद, आणि त्याच ठिकाणी हसणारी नवी माणसं. कधीकधी स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्या खोलीत चालू राहिलेल्या रेडिओसारखा ऐकू यायचा. कुणीतरी बंद करा की तो, असं तिला वाटायचं.

तिच्याबरोबर वारंवार येणाऱ्यांना एक गोष्ट खटकायची. एरवी "सावकाश, घाई नाही" म्हणणारी ही बाई गावात शिरता शिरता एकदम पाय उचलायची. तिथे वाट एका घराचं अंगण आणि शेजारच्या बागेची दगडी भिंत यांच्यामधून जायची. अंगणात दोन बाक, एक टेबल, दोरीवर वाळत घातलेले कपडे. कुणीतरी म्हणायचंच, "इथे जरा टेकू या का?" ताई मागे न बघता सांगायची, "पुढे आणखी चांगली जागा आहे." पुढची जागा म्हणजे बसथांब्याची पत्र्याची शेड.

ते घर तिच्या धाकट्या बहिणीचं होतं. धाकटीला घरात बेबी म्हणायचे. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी ती बेबीच राहिली होती.

पूर्वी सगळे पाहुणे त्याच बाकांवर बसायचे. बेबी किटलीभर चहा करायची, ताई लोकांना पाणी द्यायची आणि आत डोकावून यायची. आत खिडकीजवळच्या खाटेवर त्यांचे वडील असायचे. वडिलांची एक बाजू लुळी पडली होती. ताईने लग्न केलं नव्हतं. ती फाटकाजवळच्या एका खोलीत राहायची, तिथे पाळीपाळीने अंघोळीला जावं लागे. त्यामुळे वडील बेबीकडे आले, आणि त्यावर कुणी काही चर्चाही केली नाही. बेबीचा नवरा सकाळी लाकडाच्या गिरणीत जायचा तो अंधारल्यावर परतायचा. वडिलांना उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं, रात्री कूस बदलणं, सगळं बेबीच्या एकटीच्या अंगावर पडलं. ताई रोज यायची, नाही असं नाही. पण रोज माणसांचा घोळका घेऊन यायची. "बाबा, कसं काय आज?" म्हणायची, उशी सरळ करायची, घड्याळ बघायची, निघायची.

एका दुपारी ती अशीच आत वाकून बघत होती. बाहेर लोकांनी चहाचे कप हातात घेतले होते. बेबी दारात उभी राहिली. ताई पुलाजवळ ज्या सुरात बोलायची अगदी तोच सूर काढून ती लोकांना म्हणाली, "आणि हे आमचे वडील. फोटो काढायचे असतील तर काढून घ्या. इथे आपण पाच मिनिटं थांबतो."

एक-दोघं हसली. त्यांना वाटलं, गंमत आहे. मग त्यांनी बेबीचा चेहरा पाहिला आणि कप खाली ठेवले. ताईने लोकांना उठवलं आणि ती रस्त्याला लागली.

त्या दिवसापासून थांबा बंद झाला. घोळका घेऊन जाणं लाज वाटून सोडलं, आणि एकटीने जायला अंगात त्राण उरायचं नाही. संध्याकाळी बसने परत येऊन ती बूट न काढताच खाटेवर आडवी व्हायची. उद्या जाऊ, म्हणायची. पुढच्या थंडीत वडील गेले. अंत्यविधीला दोघी बहिणी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, आलेल्यांना दोघींनी मिळून चहा दिला, पण एकमेकींशी शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर वर्षं गेली. राग केव्हाच विरून गेला होता. पण न बोलायची सवय लागली होती, आणि ती मोडायलाही कष्टच पडणार होते.

मग एका दमट, वारा पडलेल्या दिवशी ताईच्या घोळक्यात एक निवृत्त दातांचे डॉक्टर आले. गोल, गोरे, बोलके. बरोबर बायको. खिंडीपर्यंत ते सर्वांत पुढे होते. उतार लागला तसे मागे पडले, आणि बागेच्या भिंतीशी आल्यावर हात टेकून म्हणाले, "मला काही झालेलं नाही." एवढं म्हणून ते हळूहळू खाली बसले. चेहरा खडूसारखा पांढरा, कपाळावर घाम.

"अहो, बघा ना माझ्याकडे," बायको म्हणत होती.

"बघतोय. दोन दिसतायत," डॉक्टर म्हणाले.

ताईने वर पाहिलं. समोर एकच दार होतं. त्यानंतरचं घर थेट भिंतीच्या टोकाला होतं, आणि हा माणूस तिथवर जाणं शक्य नव्हतं. ती अंगण ओलांडून गेली आणि तिने दार वाजवलं. स्वतःच्या वडिलांचं जिथे सगळं झालं ते दार तिने परक्यासारखं वाजवलं, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

बेबीने दार उघडलं. तिने ताईकडे पाहिलं, ताईच्या खांद्यावरून भिंतीकडे पाहिलं.

"पडले का?"

"बसलेत. चक्कर आलीये."

"काखेत हात घालून उचल. कमरेला धरू नकोस, घसरतात."

दोघींनी मिळून डॉक्टरांना आत आणलं. बेबीने त्यांना त्याच खिडकीजवळच्या खाटेवर निजवलं, पायांखाली उशी सरकवली, शर्टाचं वरचं बटण सोडलं, ओला फडका कपाळावर ठेवला. एकही हालचाल वाया गेली नाही. डॉक्टर स्वतःच्या दुखण्याची कारणं सांगायला लागले तेव्हा ती म्हणाली, "नंतर सांगा. आत्ता तोंड मिटा." ते मुकाट्याने पडून राहिले. तिने आरोग्य केंद्राला फोन लावला. गाडी यायला वेळ होता. मग तिने चुलीवर किटली ठेवली, आणि फडताळातून सगळे कप काढले.

ताई दाराजवळच्या खुर्चीत टेकली. लोकांना काय सांगायचं, बस कोणती पकडायची, कार्यालयात कुणाला कळवायचं, याचा विचार करायचा म्हणून तिने क्षणभर डोळे मिटले.

उघडले तेव्हा ऊन भिंतीवरून वर सरकलं होतं. घरात कुणी नव्हतं. खाट मोकळी होती, नुसती चुरगळलेली चादर राहिली होती. तिचे पाय एका स्टुलावर होते, आणि पायांत बूट नव्हते. बूट उंबऱ्याशी उन्हात ठेवलेले, नाड्या पूर्ण सैल केलेल्या, मोजे बाहेर दोरीवर. गुडघ्यावर ओलं कापड गुंडाळलेलं होतं आणि तेही आता वाळत आलं होतं. कुणी एवढं सगळं केलं तरी आपल्याला जाग आली नाही, याचंच तिला नवल वाटलं. उठायला हवं होतं. ती उठली नाही.

थोड्या वेळाने बेबी आली. घरातल्या सपाता घालूनच ती बाहेर गेली होती. त्यांना चिखल लागला होता.

"डॉक्टर?" ताईने विचारलं.

"गाडीतून नेले. बरे आहेत. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणे त्यांनी. जाताना माझे दात बघून गेले, एक काढावा लागेल म्हणाले."

"आणि बाकीचे?"

"बसपर्यंत पोचवून आले."

"तू?"

"मग काय करणार? तू घोरत होतीस." बेबीने सपाता काढून भिंतीला आपटल्या. "काय विचारतात गं ही माणसं. एकाने विचारलं, हे कसलं झाड. मी म्हटलं, जुनं आहे. एवढ्यावर त्याने फोटो काढला."

ताईला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच दमलं. बेबी समोरच्या खुर्चीत बसली.

"त्या दिवशी," बेबी म्हणाली, "मला तीन रात्री झोप नव्हती."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं, तर थांबायचं होतंस एखादी रात्र."

"हो. थांबायला हवं होतं," ताई म्हणाली.

आणखी काही स्पष्टीकरण तिला देता आलं असतं. खोली लहान, काम सुटेल, बस चुकेल. वर्षानुवर्षं ती सगळी कारणं तिने तयार ठेवली होती. पण ती मांडायला लागणारा जोर आता तिच्यात नव्हता, आणि बेबीनेही ती मागितली नाहीत. तिने फक्त गुडघ्यावरचं कापड काढून पुन्हा भिजवून आणलं.

"सुजलाय चांगलाच. आज कुठे जाऊ नकोस."

ताई त्या रात्री राहिली, दुसऱ्या दिवशीही राहिली. मेहुणे गिरणीतून आले आणि खुर्चीत मेहुणीला पाहून जणू काही झालंच नाही अशा थाटात म्हणाले, "जेवलात का?" डॉक्टरांकडे, म्हणजे गुडघ्याच्या डॉक्टरांकडे, बेबीच तिला घेऊन गेली. त्यांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं की सांधा झिजलाय, औषधाने दुखणं कमी होईल, नवा होणार नाही. कार्यालयाने सोपी वाट दुसऱ्या एका बाईकडे दिली आणि ताईला आठवड्यातून काही दिवस फाटकावर बसायला सांगितलं. तिला वाटलं होतं, वाईट वाटेल. तसं फारसं वाटलं नाही. आता कुणाला काही समजावून सांगायचं नव्हतं, एवढंच सारखं मनात येत राहिलं.

खोली सोडून ती बेबीच्या माडीवर राहायला गेली. तिथेही सगळं गोडीगुलाबीने चालायचं असं नाही. ताई दिवे चालू ठेवते, बेबी दारं आपटते, मीठ कुणी जास्त घातलं यावरून दोघी सबंध जेवण अबोल्यात काढतात. पण तो अबोला आता जेवणापुरताच असतो.

एका दुपारी बेबी म्हणाली, "इतकी वर्षं या वाटेच्या पायथ्याशी राहतेय, पण खिंड काही बघितली नाही मी."

"का गं?"

"वेळ कधी होता?"

दोघी निघाल्या. ताईच्या हातात काठी, बेबीच्या पायात नवऱ्याचे जुने बूट, पुढे कापूस कोंबलेले. खिंडीपर्यंत त्या गेल्याच नाहीत. भिंत संपल्यावर वाटेवर पहिलाच जो बाक आहे तिथे बेबी धपकन बसली, म्हणाली, "ही सोपी का?" आणि बूट काढून टाचा चोळायला लागली. ताई तिच्या शेजारी बसली. खाली गिरणीतल्या करवतीचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता.

"बाबा शेवटी शेवटी तुझी वाट बघायचे," बेबी म्हणाली. आवाजात टोचणी नव्हती. "माणसांचा गलका ऐकू आला की खिडकीकडे तोंड करायचे. गलका पुढे गेला की म्हणायचे, आज गर्दी बरी होती."

ताईने मान हलवली. बेबी उत्तरासाठी थांबली नाही. ती वडिलांचं आणखी काहीबाही सांगत राहिली. दाढी करताना ते कसे गाल फुगवायचे, औषध कसं उशीखाली लपवायचे. ताई ऐकत होती. यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं.

थंडी वाजायला लागली तसं बेबीने बूट चढवले आणि ताईला हात दिला. उतारावर ती पुढे झाली, ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघी घराकडे निघाल्या.